गडग्यापलीकडचा कचरा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्यांच्या गावात घरे लख्ख असतात, अंगणे रोज झाडली जातात, तुळशीपुढे रांगोळी असते. तरीही गावाबाहेरच्या पुलाखाली, देवळामागच्या व्हाळात (ओढ्यात) आणि घाटीच्या वळणावर कचऱ्याच्या पिशव्यांचे ढीग पडलेले असतात. त्या विचारतात, ‘लोकांची वृत्ती कशी बदलायची? शाळेच्या मुलांना घेऊन जनजागृती फेरी काढावी का? की हे सगळे पर्यटकांचे आणि बाहेरून आलेल्यांचे काम आहे?’

फेरीला माझा विरोध नाही, पण फेरीने पुलाखालचा ढीग हलणार नाही. पंचायतींच्या कचऱ्याच्या कामात मी बरीच वर्षे काढली आहेत, आणि ‘लोकांची वृत्तीच वाईट’ हे वाक्य मी जितक्या ग्रामसभांत ऐकले तितक्या ठिकाणी त्या वाक्यावर चर्चा संपलेली पाहिली. वृत्तीवर निविदा निघत नाही, वृत्तीसाठी गाडी लागत नाही, म्हणून ते वाक्य सगळ्यांनाच सोयीचे असते. तुम्ही आधी त्या पिशव्या उघडून बघा. सोमवारची सकाळ निवडा, दोनचार मोठी माणसे सोबत घ्या, जाड हातमोजे घाला, ताडपत्री पसरा आणि पिशव्या त्यावर रिकाम्या करा. कुणाचे नाव सापडेल म्हणून नव्हे. वीजबिले आणि कुरिअरची पाकिटे सापडतातच, पण ती घेऊन कुणाच्या दारात गेलात तर भांडण तेवढे मिळेल. आत काय आहे त्याची यादी करा. माझ्या अनुभवात त्या यादीत बहुतेक पाचच गोष्टी असतात: लहान मुलांचे डायपर आणि बायकांचे पॅड, निर्माल्य, रविवारच्या मासळी-चिकनची घाण, पार्टीच्या बाटल्या-पत्रावळी, आणि रोजच्या दुधाच्या पिशव्यांपासून तेलाच्या पाकिटांपर्यंतचा घरगुती सुका कचरा. यातल्या प्रत्येक गोष्टीचे पुलावर येण्याचे कारण वेगळे आहे. सगळ्यांना मिळून एकच ‘वृत्ती’ लावली की एकाही कारणाला हात लागत नाही.

डायपर आणि पॅडपासून सुरू करतो, कारण याबद्दल ग्रामसभेत कुणी तोंड उघडत नाही आणि व्हाळातला सगळ्यात वाईट कचरा हाच असतो. कचऱ्याच्या गाडीवर असतो गावातलाच किंवा शेजारच्या वाड्यावरचा मुलगा. त्याच्या हातात ती पिशवी द्यायला बाई लाजते. सासूसमोर ती घराच्या डब्यात ठेवायलाही लाजते. पूर्वी कापड धुऊन वापरत, तेव्हा हा प्रश्न घरातच सुटत होता. आता तो काळ्या पिशवीत बांधला जातो आणि स्कूटरच्या हुकाला लटकून अंधारात पुलावर जातो. काही घरे न्हाणीच्या चुलीत जाळतात. पॅड-डायपरमधले प्लास्टिक आणि शोषक जेल त्या आचेला नीट जळत नाही, धूर मात्र घरभर होतो. २०१६च्या घनकचरा नियमांतच हा कचरा वेगळा गुंडाळून द्यायला सांगितले होते, उत्पादकांनी त्यासाठी पाकिटे पुरवावीत असेही होते. कागदावर ठीक आहे. गावात जे चालते ते असे: वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल पेनाने एक खूण करा, आणि गाडीवर झाकणाचा एक वेगळा डबा ठेवा, ज्यात घरच्या माणसाने स्वतःच ते टाकायचे. गाडीवाल्याने हात लावायचा नाही, विचारायचे नाही, बघायचे नाही. आठवड्यातून किमान दोनदा तरी हा डबा दारात यायला हवा. एक गोष्ट पक्की करा: ही माहिती बायकांनी बायकांना सांगावी, अंगणवाडी सेविकेने किंवा स्वयंसाहाय्य गटाने. सरपंचाने माईकवरून सांगितली की संपले.

निर्माल्याची गोष्ट याच्या बरोबर उलटी. इथे घाण टाकतोय अशी भावनाच नसते, उलट पवित्र वस्तूला पायदळी जाऊ द्यायचे नाही म्हणून ती वाहत्या पाण्यात सोडली जाते. भाव चांगला आहे. फक्त झेंडूच्या माळेबरोबर अगरबत्तीचे पाकीट, कापराची डबी, प्लास्टिकचे हार आणि ती पिशवीसुद्धा जाते. पुलाच्या कठड्यावरून पिशवी सोडून हात जोडणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना ‘कचरा टाकू नका’ असा फलक दिसत नाही, कारण त्यांच्या लेखी तो फलक त्यांच्यासाठी नाहीच. म्हणून इथे दंड नको, पर्याय हवा. देवस्थानाच्या आवारात, शक्यतो तळीच्या बाजूला, सिमेंटचा चौथरा करून निर्माल्याचा खड्डा करा आणि त्याचे खत देवळाच्याच फुलझाडांना घाला. देवाला वाहिलेले फूल देवाच्याच जास्वंदीला गेले, हे लोकांना पटते. देवस्थान समितीच्या महाजनांनी (मानकऱ्यांनी) पहिल्या दिवशी स्वतः तिथे निर्माल्य ठेवले पाहिजे. देवांच्या जुन्या फुटक्या तसबिरी पिंपळाखाली आणून ठेवतात, त्यांचीही व्यवस्था याच आवारात करावी लागते: काच आणि चौकट वेगळी, कागद वेगळा. भटजींनी एकदा विसर्जनाचा मंत्र म्हटला की लोक निर्धास्तपणे तसबिरी सोडून जातात.

आपल्या चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, हे शहाणपण मुळातच आहे. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला, बांधलेली आंबाडे, तोरिंजन, कवंडळे, सुपारीचे शिपटे, आंब्याचे टाळ हे सगळे रानातून येते आणि मातीत जाते. माटोळीखालचे मखर मात्र थर्मोकोलचे झाले, आणि बंदी असूनही प्लास्टरच्या मूर्ती सीमेपलीकडून येतच राहिल्या.

आता मुळाशी येऊ. आपल्याकडे स्वच्छतेची जाण कमी आहे असे मला कधीच वाटले नाही. शेणाने सारवलेले अंगण, दारात पाय धुण्याचा तांब्या, सोवळ्यात शिजलेला नैवेद्य, न्हाणीचे पाणी केळीला. या घरांना स्वच्छता शिकवायला जाणे म्हणजे आगाऊपणा. पण ही स्वच्छता सीमेची आहे. घाण सीमेबाहेर गेली की आत शुद्ध. सीमा म्हणजे जांभ्याचा गडगा, घराभोवतीची दगडी कुंपणभिंत. त्यापलीकडचे जे आहे ते कुणाचे तरी असेल: पंचायतीचे, कोमुनिदादचे (गावकीच्या जमिनीच्या संस्थेचे), भाटकाराचे (जमीनदाराचे), सरकारचे. जोवर बाहेर टाकायची वस्तू म्हणजे नारळाची सोडणे, माशाची खवले आणि केळीची पाने होती, तोवर हे चालले, कारण गुरे, डुकरे, कोंबड्या आणि पाऊस मिळून सगळे फस्त करत. सवय तीच राहिली, टाकायची वस्तू बदलली. आणि गडग्यापलीकडे गेलेली घाण जो उचलेल त्याला आपण हातभर दूर ठेवतो, ही त्याच विचाराची दुसरी बाजू. गाडीवरच्या मुलाला पाणी देताना वेगळा पेला शोधणारी घरे अजून आहेत. त्या मुलाने तुमच्यासाठी वर्गीकरण मन लावून करावे अशी अपेक्षा मग कशी ठेवता?

सीमेबाहेर टाकलेले परत येते याचा गोव्याइतका मोठा पुरावा कुठे मिळणार नाही. जुने गोवे हे एके काळी पूर्वेकडचे वैभवशाली शहर. ते शत्रूने जिंकून उद्ध्वस्त केले नाही. सच्छिद्र जमीन, मैलापाणी मुरून नासलेल्या विहिरी, पटकी आणि हिवताप यांनी ते शहर पोखरले. पोर्तुगीज व्हाइसरॉय १६९५ मध्ये जवळच्या पणेलीला हलला, १७५९ मध्ये पणजीला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. चर्चांच्या सोनेरी वेदी आजही चकाकतात. राहायला माणसे उरली नाहीत. आज आपण त्याच जांभ्यावर बंगले बांधतो, सोकपिट (सांडपाण्याचा शोषखड्डा) एका बाजूला आणि विहीर दुसऱ्या बाजूला, दोन्हींमध्ये शेजाऱ्याचा गडगा. पणजीत सांतिनेजची खाडी डोळ्यांसमोर काळी झाली. तिथून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. तिच्यात कुणाच्या घरातले पाणी येते हा प्रश्न रुमालाआड राहतो.

पर्यटकांबद्दल विचारलेत. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि २०२४ मध्ये एक कोटीहून जास्त पर्यटक येऊन गेले, तेव्हा भार खरा आहे. किनाऱ्यावर बाटल्या फोडणारे, बसगाडी उभी करून रस्त्याकडेला स्टोव्हवर भात शिजवणारे आणि उष्टे तिथेच ओतून जाणारे खरे आहेत. त्यांच्यासाठी २०१९ मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती झाली: उघड्यावर दारू पिणे आणि रांधणे याला एकट्याला २,००० रुपये आणि गटाला १०,००० रुपये दंड तेव्हा ठरला. किनारपट्टीवर त्याचा थोडाफार उपयोग होतो. पण तुमच्या पुलाखाली ज्या दुधाच्या पिशव्या आहेत त्या पर्यटक रोज विकत घेत नाही, आणि डायपर फेकायला कुणी दिल्लीहून फोंड्याला येत नाही.

मजुरांच्या खोल्यांचा कचरा हा मात्र विषय आहे, आणि त्याचे उत्तर खोलीवाल्यापेक्षा खोलीच्या मालकाकडे आहे. घराच्या मागे पत्रे ठोकून काढलेल्या खोल्या पंचायतीच्या दप्तरात नाहीत. दप्तरात खोली नाही, म्हणून कचऱ्याचे शुल्क नाही, शुल्क नाही म्हणून गाडी थांबत नाही. दहा माणसांना एक संडास, त्यालाही पाणी दिवसातून एकदा. भाडे वेळेवर मोबाइलवर जमा होते. कचऱ्याचा विषय निघाला की तोच भाडेकरू ‘भायलो’ (बाहेरचा) होतो. किनाऱ्यावरच्या बिनपरवाना गेस्ट हाउसचेही हेच. ग्रामसभेत हा मुद्दा मांडाल तेव्हा शांतता पसरेल, कारण समोरच्या दोन रांगांत मालकच बसलेले असतात. तरीही मांडा, पण मजुरांवर तुटून पडायला नव्हे. घर क्रमांक असो वा नसो, जिथे चूल पेटते तिथे गाडी थांबेल, एवढाच ठराव मागा.

बाहेरच्यांचा हात नसलेला कचरा बघायचा असेल तर दिवाळीच्या पहाटे बाहेर पडा. रात्रभर ध्वनिक्षेपक वाजवून नरकासुराचा पुतळा नाचवायचा, उजाडताना जाळायचा आणि घरी जाऊन फोव (पोहे) खायचे. लोखंडी सांगाडा, तारा, अर्धवट जळलेला पुठ्ठा आणि फटाक्यांची टरफले चौकात पडून राहतात, दुपारी दुचाकीवाल्याच्या चाकात तार अडकते. ही शंभर टक्के आपली कामगिरी. स्पर्धा बहुतेक एखाद्या पुढाऱ्याच्या बक्षिसावर चालतात. मंडळाला अर्धे बक्षीस रात्री आणि अर्धे, दुपारी बारापर्यंत जागा झाडून सांगाडा भंगारात घातल्याचा फोटो दाखवल्यावर, अशी अट घातली की काम होते. पोरे आळशी नाहीत हो. रात्रभर एवढा राक्षस उभारणाऱ्यांना एक चौक झाडणे काय जड आहे?

बाजाराची तऱ्हा वेगळी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा कुठल्याही मासळी बाजारात बघा, विक्रेती आपली जागा पाणी मारून स्वच्छ करते. घाण पाणी दोन हात पुढे, वाटेवर. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘आमी सोपो दितांव.’ सोपो म्हणजे जागेचे रोजचे शुल्क, ते दिले की झाडणे नगरपालिकेचे. तिचे म्हणणे चूक नाही. सोपो गोळा करणारा रोज न चुकता येतो, झाडणारा बाजार उठल्यावर केव्हातरी. गटाराला जाळी आणि उतार नसेल तर तिने तरी पाणी कुठे ढकलायचे? त्याच बायका पहाटेपासून दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण बाजारातल्या संडासात जायची हिंमत होत नाही. सार्वजनिक संडासाबद्दल माझे मत अगदी साधे आहे: चावी कुणाकडे आणि पाण्याची टाकी कोण भरतो, या दोन नावांची पाटी दारावर लावा. लाद्या बदलून काही होत नाही.

लाद्यांवरून आठवले. भिंतीवर लघवी करू नये म्हणून गणपती, क्रूस आणि मक्का-मदिनेच्या लाद्या एका रांगेत लावतात. भिंत वाचते हे खरे. दहा पावलांवर दुसरी भिंत भिजते. शिवाय देवांना पहारेकरी करायचे आणि मुतारी बांधायची नाही, हा प्रकार मला बघवत नाही.

दंडाबद्दल थोडक्यात. कायदे कमी नाहीत. थुंकण्याविरुद्धचा कायदा गोव्याने १९९७ मध्येच केला. पण गावात पंच, म्हणजे पंचायतीचा सदस्य, दंड करतो कुणाला? पुढच्या निवडणुकीत मत देणाऱ्याला करत नाही, परराज्यातल्या नंबरप्लेटला करतो. म्हणून मी व्यक्तीच्या दंडापेक्षा परवान्याच्या अटीवर भर देतो. चिकनचे दुकान, बार, मंगल कार्यालय, गाडा यांचा परवाना दरवर्षी पंचायतीकडे येतोच. महिन्याला कचरा कुठे दिला याची पावती जोडल्याशिवाय नूतनीकरण नाही, असे एकदा ठरले की आतडी-पिसांची पोती रात्री पुलावर यायची थांबतात. हे मी प्रत्यक्ष घडताना पाहिले आहे, आणि त्यासाठी कुणाची वृत्ती बदलावी लागली नाही.

बाटल्यांचा मामला हिशेबाचा आहे. भंगारवाला मोठी बाटली घेतो, लहानीला किंमत नाही, म्हणून लहान बाटल्या सड्यावर (कातळाच्या माळावर) आणि शेतात फुटतात. नांगरणीच्या वेळी पाय कापतो तो शेतकऱ्याचा. राज्याने २०२४ मध्ये अनामत परताव्याची योजना अधिसूचित केली आहे. बाटली परत दिल्यावर पैसे हातात पडू लागले तर सडा साफ व्हायला फेरी लागणार नाही, पोरे स्वतःच वेचतील.

राहिला साधा सुका कचरा, आणि इथे तुम्ही सगळ्यात जास्त करू शकता. कचरा न्यायला जागाच नाही ही सबब आता जुनी झाली. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ पासून चालू आहे, काकोड्याचा २०२२ पासून; ज्याचा पुनर्वापर होत नाही असे प्लास्टिक गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत जाते. पणजीने रस्त्यावरच्या कुंड्या काढून घरोघरी उचल सुरू केली आणि सोळा प्रकारांत वर्गीकरणापर्यंत मजल मारली. (प्रकल्प आपल्या गावात मात्र कुणालाच नको, बायंगिणीच्या कचरा प्रकल्पाचा वाद किती वर्षे चालला ते आठवा. आणि नको म्हणणाऱ्यांना मडगावच्या सोनसोड्याचा कचऱ्याचा ढिगारा आणि मे २०१९ मधली तिथली आग दाखवता येते, तेव्हा त्यांचाही दोष नाही.) अडते ते घर आणि पंचायतीची शेड यांच्यामधल्या एका किलोमीटरवर. गाडी दहाला येते, नवरा-बायको दोघे साडेसातला कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला निघालेले असतात. सुका कचरा आठवड्यातून एकदा; एक वार चुकला की पिशवी चौदा दिवस घरात, आणि पावसात तिला वास सुटतो. घर लख्ख ठेवणाऱ्या माणसाला ती पिशवी सहन होत नाही, म्हणूनच ती पुलावर जाते. घरातल्या स्वच्छतेचा हट्टच इथे बाहेरची घाण करतो.

तेव्हा मुलांकडून फलक रंगवून घेण्याआधी एक पाहणी करून घ्या. प्रत्येकाने आपल्या वाड्यावरच्या घरांत तीनच गोष्टी विचारायच्या: गाडी कधी येते, तेव्हा घरी कुणी असते का, आणि कुठला वार-वेळ सोयीची. हे आकडे घेऊन ग्रामसभेत उभ्या राहा आणि गाडीची वेळ सकाळी साडेसहा ते आठ करून मागा. जमले नाही तर रविवारी सकाळी दोन तास पंचायतीची शेड उघडी ठेवा, लोक स्वतः आणून देतील. वेळ बदलल्यावर महिनाभर पुलावरची पिशव्यांची यादी पुन्हा करा. सुका कचरा कमी झालेला दिसेल, डायपर आणि निर्माल्य तसेच असेल, मग त्या दोन्हींना वेगळे हात घाला. ढीग उचलून झाल्यावर ती जागा रिकामी सोडू नका. दिवा लावा, बाक ठेवा, माडाची रोपे लावा, आणि जवळच्या वाड्यातल्या कुणाला तरी तिची राखण द्या. रिकामी आणि अंधारी जागा आठ दिवसांत पुन्हा भरते.

एक इशारा. पिशव्या उघडायचे काम मुलांकडून करून घेऊ नका. फुटक्या काचा असतात, इन्सुलिनच्या सुया असतात, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पायाला जखम असलेल्या मोठ्या माणसानेही व्हाळात उतरू नये. मुलांनी सुका, उघड्यावरचा कचरा हातमोजे घालून उचलायला हरकत नाही, पण ‘आमच्या मुलाला कचरा उचलायला लावला’ म्हणून एकदोन पालक शाळेत येतील हे धरून चाला. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. त्याआधीच्या आठवड्यात गाडीवरच्या कामगारांना वर्गात बोलवा, त्यांना खुर्ची आणि चहा द्या, आणि कुठल्या घरातून काय येते, कशाने हात कापतो, कुठला वास दिवसभर जात नाही ते त्यांना सांगू द्या. चहा बाकीच्यांना ज्या कपांत देता त्याच कपांत द्या, मुले ते बघत असतात.